रायफलचा धक्का आणि खांदेदुखी: वजन व दस्त्याचा काय संबंध?

एनसीसी शिबिर किंवा पोलीस प्रशिक्षणातल्या फायरिंगनंतर खांदा काळानिळा पडला, म्हणून अनेक मुलं-मुली दवाखान्यात येतात. रामदासपेठेत तपासायला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, "हाड तर मोडलं नाही ना?" बहुतेक वेळा तो फक्त मुका मार असतो. पण तो का बसतो, हे समजून घ्या.

वजनाचा परिणाम

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल तितक्याच जोराने मागे येते. रायफल जड असेल तर ती हळू मागे येते, हलकी असेल तर झटक्याने. काडतूस तेच ठेवून ४ किलोऐवजी ३ किलोची बंदूक वापरली, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पॉइंट २२ रायफलची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, म्हणून तिचा धक्का जाणवतही नाही. ७.६२ मिमी एसएलआरची गोळी ९ ग्रॅमच्या आसपास आणि वेगही अडीच पट, म्हणून ती खांद्याला जाणवते. मात्र रायफल पेलवत नसेल, तर हात थकून दस्ता जागेवरून सरकतो आणि जास्त लागतं.

दस्त्याचा परिणाम

दस्ता अरुंद, धातूच्या पट्टीचा असेल तर सगळा जोर थोड्या जागेवर येतो. रुंद रबरी पॅड तो जोर पसरवतो. दस्ता नळीच्या रेषेत असेल तर धक्का सरळ मागे येतो. खाली झुकलेला असेल तर नळी वर उसळते आणि गालाला फटका बसतो. उंची कमी असलेल्यांना दस्ता लांब पडतो, मग तो खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर किंवा गळपट्टीच्या हाडावर टेकतो. दस्ता खांद्यात घट्ट रोवा. सैल धरल्यास मार वाढतो.

घरी काय कराल?

पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा लावा. मालीश किंवा गरम शेक नको. दुखणं थांबेपर्यंत फायरिंग बंद.

डॉक्टरांकडे कधी जाल?

- हात वर उचलता येत नसेल
- हाडावर उंचवटा दिसत असेल
- हाताला मुंग्या येत असतील किंवा ताकद कमी वाटत असेल
- आठवड्यानंतरही दुखत असेल

पेसमेकर असलेल्यांनी किंवा रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय रायफल खांद्याला लावू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण पीक नासणाऱ्या रानडुकरांसाठी वनविभागाची परवानगी घेऊन बंदूक चालवणाऱ्यांनाही हेच सगळं लागू आहे.

आणि कान विसरू नका. बहुतेक बंदुकांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. खांदा भरून येतो, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. दर वेळी कानात इअरप्लग हवेतच.