चिमूटभर क्रोमियम आणि जन्मरत्ने

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की वर्गातल्या काही मुलांच्या बोटांत नव्या अंगठ्या दिसू लागतात. कोणाच्या अंगठीत पाचू असतो, कोणाच्या पुष्कराज. कोणाचा खडा पत्रिका पाहून घेतलेला असतो, तर कोणाचा जन्माच्या इंग्रजी महिन्यावरून. आईवडिलांनी त्यासाठी पदरमोड केलेली असते. ‘‘सर, याचा खरंच उपयोग होतो का?’’ असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, तर ‘ही अंधश्रद्धा आहे’ एवढे सांगून तो मिटत नाही. उत्तर द्यायचे तर त्या खड्याकडेच नीट पाहायला हवे. तो कशाचा बनला आहे? त्याला रंग कोठून आला? आणि त्याला चिकटलेला अर्थ कोठून आला?

दोन याद्या

आपल्याकडे दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. एक नवग्रहांची. रवीचे माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या. दुसरी परंपरा महिन्यांची, ती पश्चिमेकडून आली. बायबलच्या जुन्या करारात मुख्य धर्मगुरूच्या उरपट्टीवर बारा रत्ने असल्याचे वर्णन आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस याने या बारा रत्नांची सांगड बारा महिन्यांशी घातली.

आज दुकानात मिळणारी यादी मात्र एवढी जुनी नाही. अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली ती ठरवून दिली. १९५२ मध्ये तिच्यात फेरफार झाले. २००२ मध्ये डिसेंबरसाठी टांझानाइट आणि २०१६ मध्ये ऑगस्टसाठी स्पिनेल वाढवण्यात आले. टांझानाइट हे रत्न टांझानियात सापडले ते १९६७ साली. त्याआधी डिसेंबरात जन्मलेल्यांना आपले हे रत्न कोणते, हे ठाऊक असण्याची सोयच नव्हती! यादी बनवणारे आणि रत्ने विकणारे एकच होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अर्थ रंगातून आला

दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान दिसते. रत्नाचा अर्थ बहुधा त्याच्या रंगावरून ठरला आहे. तांबडे पोवळे तांबूस दिसणाऱ्या मंगळाचे, पांढरा मोती चंद्राचा. लाल माणिक म्हणजे रक्त, तेज, शौर्य. समुद्राच्या रंगाचे अ‍ॅक्वामरीन खलाशांचे रक्षण करणारे. जांभळ्या अ‍ॅमेथिस्टचे नाव ‘न झिंगलेला’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. द्राक्षाच्या मद्यासारखा रंग असलेला हा खडा जवळ बाळगला तर मद्य चढत नाही, अशी ग्रीकांची समजूत होती.

रत्न ओळखण्याचे साधनही त्या काळी मुख्यतः रंग हेच होते. त्यामुळे नावांची सरमिसळ होई. प्राचीन ग्रीक-रोमन लेखक ज्याला ‘सफायर’ म्हणत, त्यात सोनेरी ठिपके असल्याचे वर्णन आहे. ते आजचा नीलम नसून बहुधा लाजवर्द असावे. ब्रिटिश राजमुकुटातील प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे तर माणिक नाहीच, ते स्पिनेल आहे. लाल स्पिनेल आणि माणिक ही दोन वेगळी खनिजे आहेत, हे १७८३ मध्ये स्पष्ट झाले.

रंग कोठून आला?

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक रंगहीन असतो. या खनिजाला आपण कुरुंद म्हणतो. धार लावायच्या चाकात आणि एमरी पेपरवर वापरतात तेच हे कुरुंद. हिऱ्याची कठीणता १० मानली तर याची ९. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नावही ‘कुरुविंद’, ‘कुरुंद’ या आपल्याकडच्याच शब्दांवरून गेले आहे.

स्फटिक तयार होताना शंभरातील एखाद्या किंवा त्याहूनही कमी अ‍ॅल्युमिनियम अणूंच्या जागी क्रोमियमचे अणू जाऊन बसले, तर पांढऱ्या प्रकाशातील जांभळा आणि हिरवा-पिवळा भाग शोषला जातो. स्फटिक लाल दिसतो. त्याला आपण माणिक म्हणतो. क्रोमियमऐवजी लोह आणि टायटॅनियम यांचे अत्यल्प अंश असले तर तोच स्फटिक निळा होतो. तो नीलम. आपल्या बाजारात गुरूसाठी विकला जाणारा पिवळा पुष्कराजही बहुधा कुरुंदच असतो. त्याला पिवळेपणा येतो तो मुख्यतः लोहामुळे.

म्हणजे रवी, शनी आणि गुरू या तिन्ही ग्रहांची रत्ने एकाच खनिजाची! ज्योतिषात रवी आणि शनी हे एकमेकांचे शत्रू मानले जातात. म्हणून माणिक आणि नीलम एकत्र घालू नयेत असे सांगतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र या ‘शत्रूं’मध्ये चिमूटभर धातूचाच काय तो फरक आहे. महिन्यांच्या यादीतही हेच आढळते. जुलैचे माणिक आणि सप्टेंबरचा नीलम ही दोन्ही कुरुंदे, तर मार्चचे अ‍ॅक्वामरीन आणि मेचा पाचू ही दोन्ही बेरिल या खनिजाची रूपे आहेत.

पाचूचा हिरवा रंगही मुख्यतः क्रोमियमचाच. मग एकच क्रोमियम माणकात लाल आणि पाचूत हिरवा रंग कसा देतो? क्रोमियमच्या अणूभोवती ऑक्सिजनचे अणू असतात. स्फटिकाची चौकट बदलली की त्यांचा क्रोमियमवरील प्रभाव कमी-जास्त होतो आणि शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. बारावीच्या विद्यार्थ्यांना संक्रमण धातू शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

भट्टीत बदलणारा महिना

फेब्रुवारीचे अ‍ॅमेथिस्ट आणि नोव्हेंबरचे सिट्रिन ही दोन्ही रत्ने म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजे वाळूच्या कणांत असते तेच सिलिका. कित्येक ठिकाणचे अ‍ॅमेथिस्ट सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. बाजारातले बरेचसे सिट्रिन असेच तयार केलेले असते. फेब्रुवारीचा खडा भट्टीत गेला आणि नोव्हेंबरचा होऊन बाहेर आला! त्याचा ‘प्रभाव’ही भट्टीतच बदलला म्हणायचा का?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्नेय यांनी १९०२ मध्ये याहून मोठा पेच निर्माण केला. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या भुकटीत थोडे क्रोमियम मिसळून ती त्यांनी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडली. वितळलेले थेंब साचत गेले आणि त्यांतून माणकाचा स्फटिक वाढला. जुन्या मनगटी घड्याळांवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असे, ती ज्वेल्स अशाच कृत्रिम माणकांची. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर चालवला तोही कृत्रिम माणकाच्या कांडीवर.

कृत्रिम आणि खाणीतले माणिक यांत रासायनिक फरक नाही. तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यातले दोष पाहून ते ओळखतात. कारखान्यातल्या माणकात वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे दिसतात, तर खाणीतल्यात इतर खनिजांचे कण व सरळ, कोनयुक्त रेषा. परंपरा सांगते, रत्न निर्दोष हवे. पण ते खाणीतले आहे याची खात्री होते ती त्यातल्या दोषांवरूनच.

वर्गात काय करता येईल?

मोती आणि पोवळे ही दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. अंड्याचे कवचही त्याचेच. कवचाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून येणारे बुडबुडे मुलांना दाखवावेत. अंगठीतला मोती घामाने आणि आंबट पदार्थांनी निस्तेज का होतो, ते आपोआप कळेल.

दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा. जन्मरत्नांच्या पुस्तिकेतील बारा महिन्यांची स्वभाववर्णने महिना आणि रत्न यांची नावे गाळून फळ्यावर लिहावीत. प्रत्येकाला स्वतःला लागू पडणारे एकच वर्णन निवडू द्यावे. नंतर महिने जाहीर करावेत. केवळ योगायोगानेही बारांतून एकाची निवड बरोबर येणारच, म्हणजे ४८ मुलांच्या वर्गात सुमारे चौघांची. आकडा त्याच्या आसपास राहिला तर त्याचा अर्थ काय, हे मुलांनाच सांगू द्यावे.

हे करताना अंगठी घालणाऱ्या मुलाची थट्टा होऊ नये. ती अंगठी आईवडिलांच्या काळजीतून आलेली असते. पण चांगले गुण मिळाले की श्रेय खड्याला, आणि कमी मिळाले की ‘खडा लागू पडला नाही’ म्हणून दुसऱ्याची खरेदी, या चक्रात मुलाच्या वर्षभराच्या अभ्यासाला जागाच उरत नाही. पैशांच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मोठे. माणिक सुंदर आहे, ते जरूर घालावे. त्यातल्या क्रोमियमला प्रकाशाची निवड करता येते. उत्तरपत्रिका मात्र ज्याची त्यानेच लिहायची असते.