दोन रुळांमधलें गांव : कुर्डुवाडी



मुंबईहून सोलापुराकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे दौंड मागें पडल्यावर, सोलापूर येण्यापूर्वीं, कुर्डुवाडी नांवाचें स्थानक लागतें. गाडी थोडा वेळ थांबते, चहावाले खिडकीशीं येतात, आणि बहुतेक प्रवाशांचा या गांवाशीं परिचय तेवढ्यावरच संपतो. आज मला या गांवाविषयींच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कारण लोहमार्ग गांव कसें घडवितो, आणि तोच पुढें त्या गांवास कोणत्या पेंचांत टाकतो, याचें इतकें स्पष्ट उदाहरण आपल्या महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल.

गांव कां वसतें, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे बहुधा सोपें असतें. नदीचा घाट, किल्ल्याचा पायथा, देवस्थान अथवा पेठ, यांपैकीं कांहीं तरी कारण दाखवितां येतें. कुर्डुवाडीस असें एकही कारण नव्हतें. माढें तालुक्यांतील कुर्डू या जुन्या गांवाची ही एक वाडी. मुलूख अवर्षणाचा, पीक मुख्यतः ज्वारीचें. अशा वाडीचें दैव उघडलें तें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेमुळें. त्या कंपनीचा मार्ग १८५९ सालीं येथवर आला व १८६० सालीं सोलापुरास पोहोंचला. गंमत अशी कीं, स्थानक वाडीपाशीं झालें खरें, पण त्यास नांव मिळालें 'बार्शी रोड'. नाशिक रोड, लातूर रोड हीं नांवें आपण ऐकतों, त्यांतलाच हा प्रकार. 'येथें उतरा आणि पुढें रस्त्यानें बार्शीस जा,' एवढाच त्या नांवाचा अर्थ. म्हणजे ज्या ठिकाणीं प्रवासी उतरे, त्याचें नांव त्याच्या कानांवर पडतही नसे.

बार्शी ही त्या काळची मोठी पेठ. मोंगलाईंतून, म्हणजे निजामाच्या मुलखांतून, कापूस व गळिताचीं धान्यें बैलगाड्यांनीं तेथें येत, आणि तेथून आगगाडीसाठीं या स्थानकावर. पंढरीची वाटही येथूनच फुटे. आषाढी-कार्तिकीस दूरदूरचे वारकरी बार्शी रोडला उतरत आणि पुढचे सुमारें तीस मैल पायीं किंवा गाडींतून जात.

ही अडचण ओळखून एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरानें एक योजना मांडली. हे गृहस्थ १८८२ सालीं जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आले होते. १८९५ सालीं 'बार्शी लाइट रेल्वे' ही कंपनी स्थापन झाली, आणि १८९७ सालीं बार्शी रोड ते बार्शी अशी एकवीस मैलांची लहान गाडी सुरू झाली. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर साडेपांच फूट; या लहान मार्गाचें अवघें अडीच फूट. रूळ अरुंद व हलके असले म्हणजे खर्च थोडा लागतो, हें तर उघडच आहे. परंतु हलक्या रुळांवर जड माल कसा न्यावयाचा? काल्थ्रॉप यांची युक्ती वजनाच्या वांटणींत होती. इंजिन असो वा डबा, कोणत्याही एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम. त्यासाठीं इंजिनाचें वजन बारा चाकांवर वांटून दिलें होतें. एका माणसाच्या डोक्यावर न पेलणारें ओझें चौघांनीं खांद्यावर घेतल्यास सहज जातें, त्यांतलाच हा प्रकार. ही लहान गाडी पुढें वाढत गेली. १९०६ सालीं ती पंढरपुरास पोहोंचली, १९११ सालीं लातुरास, आणि १९२७ सालीं पंढरपूरच्या पलीकडे थेट मिरजेस. एकंदर लांबी दोनशें मैलांवर गेली.

आतां या मार्गाचा आणि गांवाच्या पोटापाण्याचा संबंध पाहूं. साडेपांच फुटी रुळांवरचा डबा अडीच फुटी रुळांवर चालत नाहीं. त्यामुळें लातूर-बार्शीकडून आलेली कापसाची गांठ असो कीं धान्याचें पोतें असो, कुर्डुवाडीस तें लहान डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवावें लागे. उतारूंचेंही तसेंच. एक गाडी सोडावयाची आणि दुसरीची वाट पाहत बसावयाचें. व्यापाऱ्याच्या हिशेबीं ही अदलाबदल म्हणजे खर्च आणि खोळंबा. गांवाच्या हिशेबीं तेंच अन्न. हमालांस काम मिळे तें या अदलाबदलीमुळें. खानावळी, चहाचीं दुकानें, टांगे चालत ते या खोळंब्यामुळें. त्याखेरीज लहान गाडीच्या डब्या-इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना येथेंच झाला. कारागीर, फायरमन, गार्ड, कारकून यांचीं बिऱ्हाडें वाढलीं. तालुक्याचें ठाणें माढें राहिलें, पण वर्दळ कुर्डुवाडीची वाढली, आणि वाडीची नगरपालिका झाली.

अशा गांवाचा समाजही निराळा असतो. मीं आयुष्यभर शिक्षकाचें काम केलें; रेल्वेगांवांतील मुलें वर्गांत चटकन् ओळखूं येत. शेतकऱ्याचें मूल पाऊस आणि सुगी यांवर दिवस मोजतें. या मुलांच्या घरीं सकाळ-संध्याकाळ भोंग्यावर आणि गाडीच्या वेळेवर ठरे. वडिलांची बदली झाली कीं, वर्षाच्या मध्येंच दाखला घेऊन मूल दुसऱ्या गांवीं जाई. जातिपातीचें बंधन येथें नव्हतें असें नाहीं. परंतु एकाच यंत्रावर शेजारीं उभें राहून काम करणाऱ्यांस एकमेकांवांचून चालत नाहीं, हा धडा कारखान्यानें पुष्कळांस दिला.

१९५४ सालीं सरकारनें बार्शी लाइट रेल्वे आपल्या ताब्यांत घेतली. पुढें मोटारी व मालट्रका वाढल्या आणि लहान गाडीची मंद चाल लोकांस जाचूं लागली. १९९२ सालीं देशभर एकाच रुंदीचे रूळ करण्याचें धोरण ठरलें. त्यानुसार या शतकाच्या आरंभीं पंढरपूरचा मार्ग रुंद झाला, २००८ सालीं लातूरकडचा पुरा झाला, आणि त्यानंतर मिरजेकडचा. पूर्वीं बाजूस राहिलेलें धाराशिव शहर, तेव्हांचें उस्मानाबाद, नव्या मार्गावर आलें. लातूरचा माणूस आतां एकाच गाडींत बसून मुंबईस जातो. कुर्डुवाडीस त्यास उतरावें लागत नाहीं. आणि उतरावें लागत नाहीं, म्हणूनच तो उतरत नाहीं.

मग हें झालें तें वाईट झालें काय? याचें उत्तर देण्यापूर्वीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास पिण्याच्या पाण्याचा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हां मिरजेहून पाण्याच्या टांक्यांची आगगाडी भरून लातुरास नेण्यांत आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी गेलें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस पंचवीस लाख लिटर नेऊं लागली. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच वाटेनें, सुमारें ३४२ किलोमीटर, धांवली. जुनी अदलाबदल कायम असती, तर मिरजेस भरलेल्या वाघिणी थेट लातुरास पोहोंचल्या असत्या काय? ज्या सोयीनें कुर्डुवाडीच्या हमालाची मजुरी गेली, तिनेंच लातूरकरांच्या घागरींत पाणी पडलें.

तेव्हां रुळांचें रुंदीकरण योग्यच होतें, असें मी निःशंकपणें म्हणतों. परंतु लाभ अनेक जिल्ह्यांत वांटला गेला आणि तोटा एकाच गांवाच्या वांट्यास आला, हेंही तितकेंच खरें. काल्थ्रॉप यांनीं भार सर्व आंसांवर सारखा वांटला, म्हणून त्यांची गाडी हलक्या रुळांवर चालली. समाजाच्या सुधारणांचा भार आपण असा वांटतों काय, हा प्रश्न कुर्डुवाडीनें आपल्यापुढें ठेवला आहे.

गांव मात्र हातपाय गाळून बसलेलें नाहीं. कारखाना बंद पडला नाहीं. माथेरानच्या चिमुकल्या गाडीच्या दुरुस्तीचेंही काम तेथें होत आलें आहे. चार दिशांचे लोहमार्ग अजून तेथें एकत्र येतात. ज्या हातांनीं शंभर वर्षें लोखंडाचें काम केलें, त्यांचें कौशल्य हेंच त्या गांवाचें खरें भांडवल आहे. तें पुढच्या पिढीच्या हातीं सोंपविण्याची व्यवस्था झाली, तर प्रवाशांस तेथें उतरावें लागो वा न लागो, कुर्डुवाडीस स्वतःच्या बळावर उभें राहतां येईल.