पानावरची लव

पानावरची लव म्हणजे त्याच्या बाह्यत्वचेतल्या पेशींचीच वाढ. मळवलीहून भाजे गावातून लोहगडाकडे चढताना, पावसाळ्यात ओलसर सावलीत खाजोटी ही खाजरी वनस्पती भेटते. तिच्या पानावरच्या लवेतला केस पोकळ, टोक सिलिकामुळे काचेसारखे ठिसूळ. हात लागताच टोक मोडते, उरलेला केस सुईसारखा कातडीत शिरतो आणि दाहक रस सोडतो. एवढ्याशा केसाची ही रचना खरोखर थक्क करणारी आहे.

टोमॅटोची लव वेगळी. पान चोळले की बोटांना हिरवट-पिवळा चिकटा आणि उग्र वास लागतो. त्या चिकट्यात बारीक किडी अडकून मरतात.

केस कुठे उगवायचा, हे जनुके ठरवतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमधले 'ग्लाब्रस-१' हे जनुक १९८९ साली वेगळे काढण्यात आले. ते निकामी झाले की पान जवळजवळ गुळगुळीत होते. केस बनू लागलेली पेशी शेजारच्या पेशींकडे रोधक प्रथिने धाडते, म्हणून लव अंतर राखून उगवते.

कपाशीत पानावरची लव शेतकऱ्याच्या कामाची ठरते. दाट लव असलेल्या वाणांवर तुडतुडे कमी येतात. पांढरी माशी मात्र अशाच पानांवर जास्त अंडी घालते. त्यामुळे वाण निवडताना आपल्या भागात कोणत्या किडीचा उपद्रव जास्त, हे आधी पाहावे.