ईदची सहल, समुद्र आणि चाँदची तारीख

रमजान ईद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गारगोटी आणि आसपासच्या गावांतून गाड्या कोकणाकडे निघतात. मुधाळ तिट्ट्यावरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कोणी देवगडला जातं, तर कोणी कणकवलीवरून मालवण-तारकर्लीला. काही कुटुंबं आजरा-आंबोलीमार्गे वेंगुर्ला गाठतात. मुलांना समुद्र दाखवायलाच हवा. पण ईदचे हे दिवस आणि समुद्राचा जोर यांचा थेट संबंध आहे, तो आपल्या घरांत फारसा बोलला जात नाही.

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे होते. साधारण 24 तास 50 मिनिटांत दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, म्हणून त्या दिवसांत आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. कोकणात याला उधाण म्हणतात. आता आपलं कॅलेंडर पाहा. ईदचा चाँद दिसतो तो अमावास्येनंतरच. म्हणजे ईद आणि बासी ईद नेमकी उधाणाच्या दिवसांत येते. या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर साधारण दुपारच्या सुमारास भरती असते आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी ओसरत जातं. आपण जेवण आणि जोहरची नमाज आटोपून पाण्यात उतरतो, तेव्हा समुद्र मागे ओढत असतो.

बकरी ईद 10 तारखेला, त्यामुळे तेव्हा उधाण नसतं. पण सध्या ती मे-जूनच्या आसपास येते. पावसाळा तोंडावर आला की समुद्र खवळतो, त्या वेळी पाण्यात जाऊच नये.

आपली बरीच मुलं वेदगंगेत पोहायला शिकलेली असतात. "पोराला पोहता येतं," असं आपण अभिमानानं सांगतो. पण नदीचा प्रवाह एकाच दिशेला असतो आणि काठ जवळ असतो. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना कुठेतरी अरुंद वाट शोधतं आणि तिथून जोरात आत जातं. गंमत अशी की, त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि थोडं गडद दिसतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा मुखापाशी ओहोटीच्या वेळी नदीचं आणि समुद्राचं पाणी मिळून बाहेर धावतं. तिथे बोटीतून फिरावं, पोहू नये.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळ वायरीला बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 8 जण गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, आणि मुलं लहान नव्हती.

आम्ही शिक्षक मंडळी सहल नेताना जे नियम पाळतो, तेच घरच्या सहलीलाही लावावेत:

- आधी स्थानिक मच्छीमार किंवा जीवरक्षकाला विचारा: भरती किती वाजता, कुठे उतरायचं नाही.
- पाणी गुडघ्यापर्यंतच. मुलांकडे लक्ष ठेवायला एक मोठा माणूस नेमा, त्याच्या हातात मोबाईल नको.
- बुरखा, साडी, ओढणी भिजली की जड होते आणि पायांत अडकते. त्या कपड्यांत फक्त काठावरच थांबा.
- सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना लहान-मोठ्या सगळ्यांनी लाईफ जॅकेट घालूनच बोटीत बसा.
- असरच्या आधी सगळे पाण्याबाहेर. अंधार पडू लागल्यावर डोकी मोजणं कठीण जातं.

प्रवाहात सापडलंच तर? हा प्रवाह माणसाला खाली नाही, आत ओढतो. किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजलं की दम संपतो, आणि दम संपला की माणूस बुडतो. म्हणून आधी पाठीवर तरंगा, हात वर करून हाक द्या, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. प्रवाहाचा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो, बाजूला गेलं की ओढ कमी होते.

किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेले दोन-तीन जण असेच जातात. दोर, रिकामा बंद कॅन, फुगवलेली ट्यूब, जे तरंगतं ते फेका, मच्छीमारांना हाक मारा आणि 112 ला फोन करा. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला सुरुवात करा आणि 108 ची रुग्णवाहिका बोलवा. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका.

घरात अगदी लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर घाट उतरायलाच हवा असंही नाही. राधानगरीचं धरण आणि गव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं दाजीपूरचं जंगल वाटेवरच आहे. समुद्राला जायचंच असेल, तर निघायच्या आदल्या रात्री चाँदची तारीख बघा आणि पोरांनाही समजावून सांगा. एवढं पाच मिनिटांचं काम आहे.