कढईमागची नाली

कार्तिक पौर्णिमेची सकाळ. मध्यप्रदेशातल्या रामपायलीत थंडी बोचते आहे. चंदन नदीत आंघोळ उरकलेली माणसं श्रीराम बालाजीच्या मंदिराकडे निघाली आहेत. केस ओले, खांद्यावर पिळलेले कपडे, हातात नारळ. रांग चार पावलं सरकते, थांबते, पुन्हा सरकते. हिंदी, पोवारी, मराठी, तिन्ही कानावर पडतात. थांबलेली पोरं आईचा पदर ओढतात, कारण रांगेच्या कडेलाच भट्ट्या पेटल्या आहेत.

आलुबोंडे, समोसे, मंगोडे, जिलेबी. झारा कढईच्या काठावर आपटतो आणि गरम घाणा परातीत पडतो. लाकडाचा धूर आणि तेलाची वाफ एकत्र होऊन डोळ्यांना झोंबते. गर्दी एवढी की पैसे देणारा हात आणि पुडी घेणारा हात एकाच माणसाचा आहे की नाही, हे दुकानदारालाच ठाऊक. कढईतलं तेल कालचंच असावं. रंग गडद चहासारखा झाला आहे, घाणा सोडला की फेस काठापर्यंत चढतो आणि लवकर बसत नाही.

दोन दुकानांच्या फटीतून मागे जाता येतं. मागे वेगळीच दुनिया आहे.

तीन टब मांडले आहेत. एक बाई उकिडवी बसून प्लेटा घासते. पहिल्या टबातलं पाणी रश्श्यानं लाल झालं आहे, वर तर्रीचा थर. राखेचा हात फिरतो, प्लेट दुसऱ्या टबात, मग तिसऱ्या. पहिला टब भरला की ती तो कडेवर धरते आणि नालीत उलटा करते. त्यामागून एक पोरगा येतो. त्याच्या हातात कढईच्या बुडाचा गाळ आहे, काळं तेल आणि जळलेलं बेसन. तोही नालीत जातो. कुणी काही बोलत नाही, कारण या ओळीतला प्रत्येक जण हेच करतो.

मी नालीच्या कडेकडेनं चालू लागतो.

पहिल्या चार हातांत तेल फक्त चमकतं. पाणी कोमट असतं, वाहून जातं. थोडं पुढे वर पिवळट साय धरलेली दिसते. त्याच्याही पुढे, पाण्याला थंडी लागते तिथे, कडेच्या सिमेंटला राखाडी लेप बसला आहे. काडीनं खरवडला तर मेणासारखी साल निघते. डालडा आणि पामतेल या गारव्यात थिजतं. सोयाबीनचं तेल थिजत नाही. पण सडलेल्या तेलातली आम्लं पाण्यातल्या नि सिमेंटमधल्या चुन्याला धरतात आणि त्यांचा न विरघळणारा साबण तयार होतो. त्यात चहाचा चोथा अडकतो, मुरमुरे अडकतात, गुटख्याच्या पुड्या अडकतात.

रस्त्याखालच्या पाइपाशी नाली तुंबली आहे. मागचं पाणी रस्त्यावर आलं आहे आणि रांगेतली माणसं धोतर, साड्या उचलून त्यातूनच चालताहेत. पाइपाच्या तोंडाशी एक माणूस फावडं घेऊन वाकला आहे. हातमोजे नाहीत. फावड्यानं भागत नाही, मग तो कोपरापर्यंत हात घालतो आणि मुठीएवढे पांढरट गोळे काढून कडेला ठेवतो. वास आंबट आहे, घशात बसणारा.

‘‘गरम पाणी ओतलं का मोकळी होते म्हणतेत,’’ तो मान वर न करता सांगतो, ‘‘पण ते जात नाही भाऊ. पुढं जाऊन बसते.’’

इतकं नेमकं मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. गरम पाणी आणि साबण चिकट्याला फक्त पुढच्या वळणापर्यंत नेतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये जमिनीखालच्या गटारात असाच गोळा सापडला, तेव्हा तो २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. आपल्याकडे संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. रामपायलीची नाली उघडी आहे, म्हणून ती दिसते आणि हातानं उपसता येते. पण हात कुणाचा, हा प्रश्न शहरात आणि इथे सारखाच आहे.

पाइपापलीकडे घरं लागतात. एका हातपंपाजवळ शोषखड्डा आहे, वर विटांचे तुकडे आणि वाळू. त्यावर पाणी साचलंय. खड्डा भरलेला नाही, तेलकटानं वाळूची तोंडं बंद झाली आहेत. साचलेल्या पाण्यावर डास बसले आहेत.

पुढे उतार, आणि उताराच्या शेवटी चंदन. नाली जिथे नदीत पडते तिथून थोड्याच अंतरावर बायका दिवे सोडताहेत. नदीत सोडायच्या सांडपाण्यात तेल-चरबी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर नको, असं पर्यावरणाचे नियम सांगतात. शहरी गटारासाठी ही मर्यादा २० आहे. पंधरा लिटरच्या बादलीत १० च्या हिशेबानं तेलाचे चार-पाच थेंब होतात. मघाचा पहिला टब आठवतो. चंदनचं पाणी पुढे वैनगंगेत जातं, आणि वैनगंगा भंडाऱ्याकडे.

तेलाबद्दलही नियम आहेत. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे पुन्हापुन्हा तापवून बिघडलेला अंश, २५ टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांनी वापराची नोंद ठेवायची आहे. इथला दुकानदार डब्यावर चालतो, एक डबा पंधरा लिटरचा. नोंदवही त्याच्यापर्यंत येतच नाही, आणि अशा दुकानांची मिळून ही सगळी नाली आहे.

उन्हं वर येतात. रांग आता नदीपर्यंत गेली आहे. परतताना मी पुन्हा भट्ट्यांच्या मागून येतो. टबाशेजारी एक हौद बांधायला किती जागा लागेल, ते डोळ्यांनी मोजतो. दोन खणांचा, मध्ये आडवी भिंत, पाणी भिंतीच्या खालून पलीकडे जाणारं. पाणी संथ झालं की तेल वर तरंगतं, गाळ बुडाशी बसतो, मधलं पाणी नालीत जातं. पाव हौद तेल-गाळानं भरला की उपसायचा. शहरात याला ग्रीस ट्रॅप म्हणतात. पक्क्या हॉटेलाला गवंडी तो सहज बांधून देईल. जत्रेतल्या दुकानाला झाकणाचं पिंप आणि आतून वळवलेला पाइप पुरतो.

गावातली स्वच्छता आणि नाल्या हे काम मध्यप्रदेशच्या १९९३ च्या पंचायत कायद्यानं ग्रामपंचायतीकडेच दिलं आहे. तेव्हा जत्रेत दुकानाची जागा देतानाच अटी घाला: प्लेटा आधी पुसून मग पाण्यात, जुनं तेल डब्यात परत, आणि पिंप बसवल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. न पाळणाऱ्याकडून नाली उपसण्याचा खर्च घ्या आणि उपसणाऱ्याला हातमोजे, बूट द्या. तुमच्या गावची जत्रा जवळ आली असेल तर हा विषय दुकानं लागण्याआधीच्या ग्रामसभेत मांडा.