विसरलेल्या माणसांचा टिपणकार

राष्ट्राचा इतिहास लिहावयाचा म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची कागदपत्रे हाताशी असतात. परंतु त्याच काळी शेतकऱ्याच्या अंगणात काय वाळत होते, कोळ्याची होडी कशी होती, बायका ओझी कशी वाहत, हे सांगणारा कागद सहसा मिळत नाही. जे रोज घडते ते लिहून ठेवण्याजोगे कोणास वाटत नाही. म्हणूनच ते आधी नाहीसे होते. जपानमध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या लोकजीवनाच्या अभ्यासकाचे नाव मियामोतो त्सुनेइची.

यामागुची प्रांतातील सुओ-ओशिमा या बेटावर, एका शेतकरी कुटुंबात १९०७ साली ते जन्मले. १९२३ मध्ये ते ओसाकास निघाले, तेव्हा वडिलांनी त्यांस दहा गोष्टी सांगितल्या. आगगाडीच्या खिडकीतून शेतांत काय पिकते, घरे कौलारू आहेत की गवताने शाकारलेली, हे पाहावे; नव्या गावी प्रथम उंच जागी चढून गाव न्याहाळावे; आणि इतरांच्या नजरेतून जे सुटले असेल, ते आवर्जून पाहावे. पुढे जन्मभर त्यांनी हीच शिदोरी पुरवली.

काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९३९ पासून, शिबुसावा केइझो या विद्याव्यासंगी धनिकाच्या आश्रयाने, ते गावोगाव हिंडू लागले. १९४५ च्या जुलैमध्ये साकाई शहरावरील बाँबहल्ल्यात त्यांच्या टिपणवह्या व हस्तलिखिते जळून गेली. पण पायपीट थांबली नाही. युद्धोत्तर काळात लेखणीच्या जोडीला कॅमेरा आला, आणि त्यांनी सुमारे एक लाख छायाचित्रे घेतली. ती कलाकृती म्हणून घेतलेली नव्हती. ती टिपणेच होती. दोरीवर वाळणारे कपडे, दगडी बांध, धक्क्यावरील होड्या यांच्याकडे त्यांचा कॅमेरा वळे. वाळत घातलेल्या कपड्यांवरूनही घरात माणसे किती, कापड कसले, कष्ट कोणते, याचा अंदाज बांधता येतो.

त्सुशिमा बेटावरील त्यांचा एक अनुभव मोठा बोलका आहे. एका गावातील जुनी दप्तरे त्यांनी काही दिवसांसाठी मागितली. गावकऱ्यांची बैठक भरली. विषय निघे, बाजूस पडे, जुन्या आठवणींतून पुन्हा वर येई. मतदान नाही, घाई नाही. सर्वांचे मन वळेपर्यंत बोलणे चालू राहिले, आणि अखेर होकार मिळाला. दप्तरांइतकीच ही बैठकही इतिहासाचे साधन आहे, हे त्यांनी ओळखले. ‘विसरलेले जपानी’ या १९६० च्या ग्रंथात ती वाचावयास मिळते.

पाहिलेल्याची जबाबदारीही त्यांनी उचलली. १९५३ साली जपानमध्ये दूरच्या बेटांच्या विकासाचा कायदा झाला. त्या बेटांच्या राष्ट्रीय परिषदेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. वीज, धक्के व रस्ते हवेत, हे त्यांस पटत होते. मात्र सोयी आल्या तरी तरुण शहरांकडे जात राहिले आणि गावे ओस पडू लागली, हेही त्यांच्या डोळ्यांदेखत घडले.

१९८१ साली मियामोतो निवर्तले. त्यांची छायाचित्रे आज त्यांच्या जन्मबेटावर जतन केलेली आहेत. ज्या वाटा बुजल्या, ज्या होड्या मोडीत निघाल्या, त्यांचा पुरावा तेथे आहे. प्रत्येक देशात अशी अंगणे आजही आहेत. ती पाहून ठेवणारा कोणी वेळेवर पोचला, तरच ती उरतात.