कोयनेची वीज आणि कराडची डीपी

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांनी कोकणात उतरवून पोफळीस वीज निर्माण करण्याचा उपक्रम १९६२ साली फळास आला, आणि आज १९६० मेगावॅट क्षमतेच्या त्या प्रकल्पातील वीज घाट चढून कराडजवळच्या ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रातही येते. असे असता याच कराडच्या परिसरात, पुणे-बंगळूर महामार्गालगत, चार्जिंग स्टेशन काढू पाहणाऱ्या ढाबेवाल्यास विजेची वाण पडावी, हे प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते.

उलगडा होतो तो गावच्या डीपीपाशी. ६० किलोवॅटचा एक जलद चार्जर म्हणजे पाच अश्वशक्तीचे सोळा शेतीपंप एकदम चालविण्याइतका भार. तेव्हा १०० केव्हीएच्या रोहित्रावर असे दोन चार्जर चढविले, तर घरे, गिरण्या आणि पंप यांच्या वाट्यास काहीच उरावयाचे नाही. उसाच्या मुलखात डीपी जळणे म्हणजे पाण्याची पाळी चुकणे होय, आणि म्हणून स्वतंत्र रोहित्राचा आग्रह धरणाऱ्या अभियंत्यास अडवणूकदार ठरविणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. चार्जिंग ही सेवा असून तीस वीजविक्रीचा परवाना नको, असा खुलासा केंद्राने २०१८ सालीच केला. वीजग्राहक हक्क नियमांनी विद्युतीकरण झालेल्या भागात १५० किलोवॅटपर्यंतच्या जोडणीचा आकार ठराविक दराने घेण्याची तरतूद केली, आणि २०२४ च्या दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत नगरपालिका हद्दीत सात व ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आणली. मात्र वाहिनी वाढवावी लागली, नवे उपकेंद्र उभारावे लागले, की ही मुदत लागू राहत नाही. आणि महामार्गाच्या कडेला नेमके तेच वारंवार घडते.

याचे कारण, माझ्या मते, क्रम उलटा आहे: आधी जागेचा करारनामा होतो, मग विजेची चौकशी. कोणत्या ११ केव्ही फिडरवर किती भार शिल्लक आहे, याचे नकाशे ब्रिटनमधील वितरण कंपन्या प्रसिद्ध करतात. महावितरणनेही कराड-सातारा-सांगली पट्ट्यासाठी तसा तक्ता जाहीर केला, तर ढाबेवाला तो पाहून जागा ठरवील, आणि जेथे भार अपुरा तेथे रात्री भरून ठेवावयाच्या बॅटरीचा हिशेब अर्ज करण्यापूर्वीच मांडील.